विश्लेषण : अडगावच्या लढाईतले घोडदळ टेबलावर कसे उतरते?

नेपोलियनच्या काळातले सैनिक बोटभर उंचीत रंगवायचे आणि टेबलावर त्यांची लढाई लावायची, हा छंद युरोपात जुना आहे. त्याच काळातली एक मोठी लढाई आपल्या वऱ्हाडात झाली. त्या लढाईतले इंग्रज स्वार रंगवायला पुस्तके मिळतात. मराठा स्वार रंगवायचा म्हटले, की पुस्तके गप्प होतात. तिथे कामाला येते ती इथली माती, इथले रंग आणि घोड्यांसाठीचे इथले जुने शब्द.

हा छंद नेमका काय आहे?

प्लास्टिकचे किंवा कथलाच्या मिश्रधातूचे छोटे सैनिक सुटे विकत मिळतात. त्यांना मिनिएचर म्हणतात. ते जोडायचे, रंगवायचे, खाली मातीचा आभास देणारी चकती लावायची आणि टेबलावर दोन सैन्ये समोरासमोर उभी करायची. कोणी किती इंच सरकायचे, कोणाची गोळी लागली, कोण घाबरून मागे हटले, हे फूटपट्टी, फासे आणि नियमांचे पुस्तक ठरवते. बुद्धिबळाचाच हा लांबचा भाऊ. फरक इतकाच, की बुद्धिबळातला घोडा कधी बिथरत नाही.

सैनिकांची मापे ठरलेली असतात. सहा मिलिमीटरचा सैनिक ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा असतो. सर्वाधिक लोकप्रिय माप २८ मिलिमीटरचे, म्हणजे उभ्या माणसाची पायापासून डोळ्यांपर्यंतची उंची साधारण तेवढी. त्यात अंगरख्याची घडी आणि तलवारीची मूठ स्पष्ट दिसते. टेबलावरचा एक स्वार प्रत्यक्षातल्या वीस, पन्नास किंवा त्याहून अधिक स्वारांच्या जागी उभा असतो.

खेळाचा उगम लष्करी आहे. प्रशियात राइसवित्झ नावाच्या बापलेकांनी हा खेळ घडवला. बापाने १८१२ मध्ये तो राजाला दाखवला, मुलाने १८२४ मध्ये नियम छापले आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात त्याचा वापर सुरू झाला. पुढे कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये घरच्या फरशीवर खेळायच्या लढायांचे पुस्तक काढले. लढाई हवीच असेल तर ती खेळण्यातली बरी, असा त्यांचा सूर होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

नेपोलियनशी वऱ्हाडाचा संबंध काय?

१८०३ मध्ये दुसरे इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. दख्खनच्या मोहिमेवर इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी तो आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला लढला. तिथून दोनच महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, तो आपल्याकडे अडगावला होता. इंग्रजी पुस्तकांत या लढाईला ‘आरगाम’ म्हणतात. हे अडगाव बुद्रुक म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातले.

समोर होते नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांचे सैन्य आणि दौलतराव शिंद्यांचे घोडदळ. भोसल्यांचे पायदळ आणि तोफा रघुजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखाली होत्या. मराठ्यांची फळी पाच मैलांहून अधिक लांब पसरली होती. मागे अडगावचे मळे आणि कुंपणे, पुढे नाल्यांनी चिरलेले मैदान. लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली आणि पळणाऱ्यांचा पाठलाग चांदण्यात चालला. इंग्रजांचे मृत आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास होते. मराठ्यांनी ३८ तोफा गमावल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. एका महिन्यात वऱ्हाडाचे राजकारण पालटले आणि त्या महिन्यातली जवळपास सगळी ठिकाणे आज एसटीने गाठता येतात.

म्हणून नेपोलियनकालीन सैन्ये रंगवणाऱ्या परदेशी छांदिष्टांच्या यादीत असई आणि अडगाव ही नावे असतात. काळ तोच, सेनापती तोच. शत्रू मात्र त्यांना अनोळखी.

इंग्रज स्वार सोपा, मराठा स्वार अवघड, असे का?

नेपोलियनकालीन घोडदळ रंगवणे हे गणवेशाचे शास्त्र आहे. फ्रेंच क्युरासियर स्वाराच्या छातीवर पोलादी कवच, हुसार स्वाराच्या अंगावर जरीच्या आडव्या दोऱ्यांचे जाकीट, बिगुलवाला बहुधा पांढऱ्या-करड्या घोड्यावर आणि त्याच्या कोटाचे रंग इतरांच्या उलटे. कोणत्या रेजिमेंटची कॉलर कोणत्या रंगाची, हे तक्त्यांत छापलेले आहे. अडगावला लढलेल्या इंग्रजांच्या १९व्या लाईट ड्रगून्सची कॉलर आणि बाह्यांच्या दुमडी पिवळ्या. कोट गडद निळा रंगवायचा की गरम प्रदेशांतल्या रेजिमेंटांसाठी ठरवलेला राखाडी-निळा, यावर रंगवणारे अजून वाद घालतात. पण वाद घालायलाही कागद लागतो, आणि तो त्यांच्याकडे आहे.

इंग्रजांनी आपल्या लढायांचे किती टिपून ठेवले, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. विल्यम सिबॉर्न नावाच्या अधिकाऱ्याने वॉटर्लूचे प्रचंड मॉडेल बनवायला घेतले. तो रणभूमीवरच्या एका शेतघरात आठ महिने राहिला, जमीन मोजली आणि हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारले, की त्या संध्याकाळी तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर कोण होते, शेतात पीक कोणते होते? १८३८ मध्ये ते मॉडेल लंडनमध्ये लोकांना दाखवले गेले. त्यावर सुमारे ७५ हजार इवले सैनिक आहेत. ते आजही तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

अडगावच्या मराठा स्वाराला असे पत्र कोणी पाठवले नाही. तू कुठे होतास, तुझे पागोटे कोणत्या रंगाचे, घोडा तुझा की सरदाराचा, असे कोणी विचारले नाही. परिणामी परदेशात विकले जाणारे मराठा स्वार बरेचदा अंदाजाने रंगवलेले दिसतात. गणवेश नव्हता ना, मग लावा डबीत उरलेला कोणताही रंग! टेबलावर एका बाजूला शिस्तबद्ध निळ्या-पिवळ्या रांगा आणि दुसऱ्या बाजूला जत्रा, असे चित्र तयार होते. बघणारा फासे पडायच्या आधीच ठरवून टाकतो, की हरणार कोण.

गणवेश नव्हता, हे खरे. पण गणवेश नसणे आणि व्यवस्था नसणे यांत फरक आहे. मराठा घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन ठळक प्रकार होते. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकार किंवा सरदार देई. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन येई. रंगवणाऱ्यासाठी हा भेद फार कामाचा आहे. एका पागेतल्या बारगिरांची खोगिरे, ढाली आणि भाले साधारण एकसारखे दाखवावेत. शिलेदार मात्र एकेकटे वेगळे, कोणाच्या अंगावर बरा अंगरखा, कोणाचा विटलेला. पेंढारी आणखी वेगळे. अडगावला शिंद्यांच्या उजव्या बगलेला ते होतेच. त्यांना अंगभर दागिन्यांनी मढवायचा मोह टाळलेला बरा.

आणखी एक गोष्ट परदेशी पेट्यांवर क्वचित लिहिलेली असते. वेलस्लीच्या बाजूलाही म्हैसूरचे शिलेदारी घोडदळ आणि निजामाचे स्वार होते. या मोहिमेत पेशव्यांकडून आलेले बापू गोखले यांचे पथकही इंग्रजांच्या सोबत होते. म्हणजे देशी स्वारांची एकच पेटी दोन्ही सैन्यांत वापरता येते. पैशाची बचत होते आणि इतिहासही तसाच होता. धुळीत समोरून येणारा स्वार आपला की परका, हे ओळखणे त्या संध्याकाळीही अवघड गेले असेल.

अंगरखे-पागोट्यांचे रंग मग कोणते घ्यावेत?

इथे गणवेशाचा तक्ता नाही, पण रंगाऱ्याचे माठ आहेत. पहिला कृत्रिम रंग विल्यम पर्किन यांना १८५६ मध्ये सापडला. त्याआधीचे रंग मुख्यतः झाडामुळांचे आणि खनिजांचे. निळीचा निळा, आलाच्या मुळांचा लाल, हळदीचा पिवळा, हळद आणि निळीतून मिळणारा हिरवा, कुसुंब्याचा गुलाबी-केशरी. कुसुंबा म्हणजे आपली करडईच. त्यामुळे गुलाबी पागोटे दिसले की ‘हे चुकले’ म्हणायची घाई करू नये. चुकतो तो आजच्या ट्रॅक्टरवरच्या रेडियमसारखा चमकणारा हिरवा. आणि सर्वांत जास्त वापरावा न रंगवलेल्या सुती कापडाचा मळकट पांढरा. वऱ्हाडात कापूस आहे, पण धूळही आहे.

आधारासाठी चित्रे हवी असतील तर थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याचे पुस्तक पाहावे. तो १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत होता. त्याची पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि त्यातली रंगीत चित्रे एका देशी चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. छावणी शिंद्यांची, काळ अडगावनंतर अवघ्या सहा वर्षांचा.

भाल्याबद्दल एक सांगायला हवे. इंग्रजांच्या नियमित घोडदळाने भाला पुन्हा हाती घेतला तो १८१६ मध्ये, नेपोलियनच्या पोलिश भालेकऱ्यांचा धसका घेतल्यावर. त्या सुमारास भालेकरी झालेल्या रेजिमेंटांत अडगावला लढलेली १९वी लाईट ड्रगून्सही होती. मराठा स्वाराचा भाला मात्र कधी खाली ठेवला गेलाच नव्हता. म्हणून त्या पेटीत तलवारवालेच जास्त असतील, तर पितळी तारेचे भाले करून काही हात बदलावेत.

घोडा रंगवणे एवढे कठीण का?

घोडदळात स्वारापेक्षा घोडा मोठा. लांबून नजर जाते ती त्याच्यावर. नवखा रंगवणारा सगळे घोडे तपकिरी करतो आणि वर काळी शेपूट ओढतो. इंग्रजी पुस्तकात त्यावर दोन पाने सूचना असतात. आपल्याकडे हेच ज्ञान शब्दांत बसलेले होते, आता ते शब्द मागे पडले आहेत.

कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाचा, पण आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. सुरंग घोड्याचे अंग तांबडे आणि आयाळ-शेपूटही त्याच छटेची, तिथे काळे लावले की तो सुरंग राहत नाही. समंद पिवळसर, मुश्की काळा, नुकरा पांढरा. सब्जा राखाडीकडे झुकणारा, अबलख दोन रंगांच्या मोठ्या डागांचा. चारही पाय आणि तोंड पांढरे असेल तो पंचकल्याणी, शुभ मानलेला. हे सात-आठ शब्द माहीत असले, की बारा घोड्यांची रांग एकसारखी होण्याची भीती उरत नाही. साधारण निम्मे कुमैत ठेवावेत, दोन-तीन सुरंग, एखादा मुश्की, एखादा सब्जा. अबलख आणि पंचकल्याणी सरदारासाठी किंवा जरीपटका धरणाऱ्यासाठी राखून ठेवावेत. सगळेच पंचकल्याणी केले तर शुभ काय राहिले?

बारीक गोष्टींत खुराकडे लक्ष द्यावे. पाय पांढरा असेल तर खूर फिका, पाय काळा असेल तर खूर गडद. राखाडी घोडा जन्मतः गडद असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो, त्यामुळे एकाच तुकडीत राखाडीच्या तीन छटा चालतात. मराठा फौजेतला दख्खनी घोडा, ज्यात भीमथडीची कीर्ती मोठी, ठेंगणा आणि काटक होता. युरोपीय पेटीतला धिप्पाड घोडा त्याच्या जागी वापरला तर स्वार लहान मूल वाटू लागतो. देशी स्वारांसाठी थोडे लहान घोडे निवडावेत, इंग्रज ड्रगूनसाठी मोठे चालतात.

रंगवण्याची एक जुनी युक्ती नेपोलियनवाल्यांनी घोड्यांसाठीच घडवली आहे. आधी ॲक्रिलिकचा पिवळसर-नारिंगी थर द्यायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. त्यावर गडद तपकिरी तैलरंग फासायचा आणि लगेच स्पंजाच्या तुकड्याने टिपून काढायचा. खोलगट भागात गडद रंग उरतो, पुठ्ठ्यावर आणि मानेवर खालचा उजळ रंग चमकतो. स्नायू आपोआप उठून दिसतात. तैलरंग वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर स्वार वेगळा रंगवावा. घोडा आणि स्वार आधी चिकटवले तर मांडीखाली ब्रश पोहोचत नाही. बाटलीच्या झाकणावर थोड्या चिकट मातीने स्वार उभा केला की हात न लावता फिरवता येतो.

पायाखालची माती कशी दाखवायची?

युरोपातून आलेल्या साहित्यात पायाखाली लावायला हिरवे गवत असते. बेल्जियमच्या जूनला ते शोभते. अडगावची लढाई नोव्हेंबरअखेरची, आणि जमीन पूर्णेच्या खोऱ्यातली काळी. भातकुली, दर्यापूर, अकोट, तेल्हारा हा सगळा पट्टा ज्यांनी पायी तुडवला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. ओली असताना जवळजवळ काळी, वाळली की राखाडी आणि भेगाळलेली. म्हणून चकतीवर आधी काळपट तपकिरी रंग द्यावा आणि कोरड्या ब्रशने राखाडी-खाकी फिरवावा.

खरी काळी माती गोंदात कालवून लावायचा मोह होतो. ती वाळताना आकसते आणि चकतीवरच भेगा पडतात. भेगा हव्या असतील तर उत्तमच, पण त्या मापाने फार मोठ्या दिसतात, जणू घोडा दरीत उभा आहे. त्यापेक्षा बारीक चाळलेली वाळू चिकटवून रंगवावी आणि तीच काळी माती वस्त्रगाळ करून शेवटी वरून भुरभुरावी. केरसुणीच्या काड्यांची उभी ज्वारी होते, कापसाच्या चिमटीची फुटलेली बोंडे. सोयाबीन मात्र दाखवू नये. ते आपल्याकडे आले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

इथल्या हवेत रंगवायला अडचण येते का?

येते, आणि पुस्तकांत ती नसते, कारण पुस्तके थंड देशांत लिहिलेली असतात. मे महिन्यात ॲक्रिलिक रंग ताटलीतच वाळतो. त्यावर साधा उपाय आहे. पसरट डब्यात ओला स्पंज ठेवावा, त्यावर बटर पेपर आणि रंग त्या कागदावर काढावा. झाकण लावले तर दुसऱ्या दिवशीही तो चालतो. स्प्रेचा अस्तर-थर भर उन्हात मारू नये. फवारा हवेतच वाळतो आणि घोड्याच्या अंगावर रवाळ पूड बसते. सकाळी लवकर उरकावे. पावसाळ्यात उलटा त्रास होतो. दमट हवेत मॅट वार्निश फवारले तर पांढरट धुके बसते आणि चार संध्याकाळींचे काम जाते.

खर्चाचे म्हणाल तर परदेशी पेट्या, टपाल आणि आयात शुल्क मिळून महाग पडतात. पण ब्रश, रंग, वार्निश अमरावती-अकोल्यात चित्रकलेच्या दुकानात मिळतात. पहिला हात स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यातल्या सैनिकावर किंवा दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यावर बसवला तरी चालतो. त्रिमितीय छपाईमुळे आता घरबसल्याही स्वार छापता येतात. तसेही खेळणे रंगवून मिरवणे आपल्या भागाला नवे नाही. तान्हा पोळ्याचे लाकडी बैल त्याच जातीचे. ही प्रथा नागपुरात १८०६ मध्ये सुरू केली असे ज्यांच्याबद्दल सांगतात, ते दुसरे रघुजी भोसले म्हणजे अडगावला हरलेलेच राजे. टेबलावरच्या तोफा ओढायलाही बैल लागतातच. (आणि भातकुलीकरांना भातुकलीचे वेगळे आमंत्रण कशाला!)

टेबलावर मराठे जिंकू शकतात का?

नियम प्रामाणिक असतील तर संधी आहे. नेपोलियनकालीन खेळात तीन गोष्टी एकमेकींना धरून असतात. रांगेत पसरलेल्या पायदळाला घोडदळ चिरडू शकते. पायदळाने चौकोन केला तर घोडे संगिनींसमोर अडतात. पण चौकोन एकवटलेला असल्याने तोफेला सोपे लक्ष्य ठरतो. तोफा आणि घोडदळ एकाच वेळी एकाच जागी आणता आले, तर चांगले पायदळही मोडते. अडगावला मराठ्यांकडे दोन्ही होते. पण शिंद्यांचे घोडदळ उजव्या टोकाला होते आणि भोसल्यांच्या तोफा त्यापासून दूर. घोडदळाने कंपनीच्या सहाव्या रेजिमेंटच्या एका पलटणीवर हल्ला केला आणि ते मागे रेटले गेले. मध्यभागी सुमारे पाचशे अरब पायदळी इंग्रजांच्या ७४व्या आणि ७८व्या पलटणींवर तुटून पडले आणि कापले गेले. दोन सैन्यांचे दोन धनी, दोन वेगळे हल्ले.

त्याआधीचा एक प्रसंग या खेळात सर्वांत महत्त्वाचा ठरतो. वेलस्लीचे सैन्य सिरसोलीपाशी मैदानात उतरत असताना मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि असईला उत्तम लढलेल्या तीन देशी पलटणी फुटून पळाल्या. वेलस्ली स्वतः जवळ होता म्हणून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. नियमांच्या पुस्तकात याला मनोधैर्याचा फासा म्हणतात. तो फासा वाईट पडला आणि त्याच क्षणी शिंद्यांचे स्वार पुढे असले, तर पुढचे सगळेच वेगळे होऊ शकते.

अर्थात वेळ कमी असतो. ही लढाई टेबलावर लावताना डावांची संख्या मोजूनच ठेवावी लागते, कारण दिवस मावळत आलेला आहे. शेवटचे दोन डाव चांदण्यातले. त्यात पळणाऱ्याला दिसते तेवढेच पाठलाग करणाऱ्याला दिसते, आणि कुमैत घोडा मुश्कीसारखा काळा दिसतो.